पोत्याला मालिश

आई: आधी तुझा फायदा मांडू, मग माझ्या पाठीकडे ये. ही मालिशवाली घरी पाठवून तुला काय मिळणार होतं?

लेक: आई, मी साधं विचारलं, की तू अजून आडवी का आहेस.

आई: त्याचंच उत्तर देतेय. एक, रविवारी माझ्याशी बोलून फोन ठेवलास की तुझ्या जिवाला जे लागून राहतं, ते राहणार नव्हतं. दोन, दादाला ऐकवता येणार होतं, की तू एकटाच करत नाहीस, मीही करतेय. तीन, ऑफिसात चहाच्या वेळी बोलायला एक विषय.

लेक: चार, माझी आई पायावर उभी राहणार होती.

आई: ते चौथ्या नंबरावर?

लेक: नंबर तू लावतेयस. गोदामात काट्यावर बसायचीस तेव्हापासून हेच. कुणी चार शब्द बरे बोललं तरी आधी वजन करून बघायचं.

आई: बऱ्या शब्दांतच तूट जास्त निघते.

लेक: मी न कळवता आले. अख्खी सकाळ बसमध्ये काढली. वाटेत सारखं डोळ्यांसमोर येत होतं, मी बेल वाजवीन आणि दार तू उघडशील. भिंतीला धरून, हळूहळू, पण तूच. दार कुणी उघडलं? शेजारच्या बाईंनी. किल्लीने.

आई: दुपारची किल्ली त्यांच्याकडेच असते. मी कशी उघडणार?

लेक: तेच मला कळत नाहीये. तू कशी उघडणार नाहीस? काल मसाजवाल्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आता उद्याची एकच खेप राहिलीय, पुढे चालू ठेवायचं का. आणि म्हणाल्या, पेशंटची पाठ अगदी सुटलीय. उभ्याने वाकून जमिनीला तळहात टेकतात.

आई: टेकतात म्हणाली?

लेक: तळहात. नुसती बोटं नाहीत.

आई: मग टेकत असतील. ती बाई खोटं बोलणारी नाही.

लेक: टेकून दाखव.

आई: आत्ताच जेवलेय मी.

लेक: आई, खुब्याचं हाड मोडल्यापासून तुला उठून बसायला माणूस लागतं. आत्ता तुझ्या पाठीमागे तीन उशा आहेत आणि तरी तू डावीकडे कललीयस. मग टेकतंय कोण?

आई: विम्याच्या ऑफिसात लोकांचे दावे तपासतेस ना, त्याच सुरात बोलतेयस. मी दावा नाहीये. पाणी प्यायलीस का आल्यापासून?

लेक: पुढे ऐक. म्हणाल्या, बादली उचलताना अजून एका बाजूला झुकतात, तेवढं त्यांना समजावा.

आई: बादली वाईटच.

लेक: तू बादली उचलतेस?

आई: आयुष्यात काय कमी उचलल्या?

लेक: दिवसभर उभ्याचं काम असल्यामुळे पोटऱ्या अजून कडक आहेत म्हणाल्या. तू कुठे कामाला जातेस, आई?

आई: या वयात कोण ठेवतंय. तुझ्या ऑफिसात जागा असेल तर बघ.

लेक: मला वाटलं, त्यांची काहीतरी गफलत झाली. दुसऱ्याच कुणाचं मला सांगताहेत. म्हणून मी पत्ता वाचून दाखवला. तिसरा मजला, निळं दार, आत शिरल्यावर खिडकीशी लोखंडी पलंग. सगळं बरोबर. वर म्हणाल्या, "पलंगावरच्या आजी फार गोड आहेत, पडल्या पडल्या सूचना देत असतात."

आई: गोड म्हणाली?

लेक: पलंगावरच्या आजी तू आहेस ना?

आई: या खोलीत दुसरा पलंग नाही.

लेक: मग पेशंट कोण आहे? दर रविवारी तू मला सगळं वर्णन करून सांगायचीस. आधी दोन्ही तळवे पाठीवर ठेवते आणि नुसती थांबते. मग मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खाली आणते. मग कमरेशी, जिथे गाठ आहे तिथे, दाबून धरते आणि गाठ विरघळेपर्यंत हलत नाही. मी ते ऐकून शांत झोपायचे, आई.

आई: त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मी इथून बघते ना. आणि बघ, एक नंबरचा फायदा झालाच तुला.

लेक: तू बघतेस. म्हणजे तू बघतेस आणि त्या...

आई: किल्ली वाजली. आली तुझी वहिनी. दमलेली असेल, तिला आल्या आल्या जुंपू नकोस.

लेक: वहिनी, पिशवी खाली ठेव.

सून: ताई? अहो, नाही म्हणजे, तुम्ही केव्हा आलात? कळवलं असतं तर मी दुकानातून लवकर निघाले असते. घरात हा सगळा पसारा...

लेक: खाली वाक.

सून: आवरते ना, दोन मिनिटांत.

लेक: आवरायला नाही. जमिनीला हात टेकतात का बघ.

सून: आई, यांना बरं नाहीये का?

आई: बसने आलीय. टेकव एकदाचे, म्हणजे सुटका होईल.

सून: पिशवीत अंडी आहेत, थांबा. हे घ्या.

लेक: तळहात.

सून: हो, आता टेकतात. आधी गुडघ्याच्या खाली जात नव्हते. दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवरचे बूट काढायला मी सरळ फरशीवर बसायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, पाया पडतेय.

लेक: आई, पेशंट सापडला.

सून: कोण पेशंट?

लेक: वहिनी, त्या मसाजवाल्या बाई येतात, त्या कुणाला मालिश करतात?

सून: आईंना. नाही म्हणजे, आईंसाठी. करतात माझ्यावर.

लेक: आईंसाठी, पण तुझ्यावर.

सून: नमुना म्हणून. आई म्हणाल्या होत्या, परक्या बाईने एकदम अंगाला हात लावलेला मला चालायचा नाही. आधी ती तुझ्यावर करून दाखवेल, तू शिकून घे, आणि मग माझ्या पाठीला तू कर. मला पटलं. बाई काय, येणार आणि जाणार. आपल्याला आलं तर कायमचं आलं.

लेक: मग शिकलीस?

सून: तिथेच तर घोडं अडलंय. मी पहिल्याच आठवड्यात आईंच्या पाठीला हात लावला. त्या म्हणाल्या, हात कच्चा आहे, अजून शीक. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, अंगठा जमतोय पण तळवा जमत नाही. मग म्हणाल्या, आता जमतंय ते बिघडायच्या आत पुन्हा एकदा नीट बघून घे. मी प्रत्येक वेळी झोपते पालथी आणि लक्ष देऊन शिकायचं ठरवते. पण तिचे हात लागले की माझा डोळाच लागतो. मग काय शिकणार?

लेक: आई, हिचा हात खरंच कच्चा आहे?

आई: तुला भूक लागली असेल. ती अंडी कशाला आणलीत, विचार तिला.

लेक: आणि त्या बाईंना एकदाही शंका आली नाही? मी त्यांना फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. घरातल्या बाईंची पाठ आहे, फार सोसलंय त्यांनी, आणि स्वतःहून काही सांगणार नाहीत.

सून: त्या कामाच्या वेळी बोलतच नाहीत, ताई. तो त्यांचा नियमच आहे. म्हणतात, तोंड सुरू झालं की हात ऐकायचे थांबतात. पहिल्या दिवशी दारात तेवढं विचारलं, पेशंट कोण? मी सांगणार, तेवढ्यात आई म्हणाल्या...

आई: मी म्हटलं, ही. स्वतःहून सांगणार नाही ती.

सून: मला वाटलं, आई गंमत करताहेत.

लेक: आणि तू सांगितलं नाहीस, की मी नुसता नमुना आहे?

सून: सांगणार होते. पण त्यांनी मला पालथं झोपवलं आणि दोन्ही हात पाठीवर ठेवले. आणि काहीच केलं नाही. मी वाट बघतेय. मला वाटलं विसरल्या की काय. आणि मग मला रडू आलं. दुखत नव्हतं हो कुठे, म्हणून तर कळेना. नाही म्हणजे, माझ्या पाठीला एरवी कुणाचा हात लागतो तो काहीतरी मागायला. घरात हे येऊन शर्ट कुठेय विचारतात, दुकानात मालक पुढे सरक म्हणतात. हा हात काहीच मागत नव्हता. मग बोलायचं राहूनच गेलं.

लेक: आणि नंतर?

सून: नंतर मलाच कळेनासं झालं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं ते थांबलं. हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या गेल्या. गिऱ्हाईक सहा जोड काढायला लावून न घेता निघून गेलं तरी मी हसून दार उघडते. मालकाने विचारलं, बाई, नोकरी सोडणार आहात का? आणि झोप. ताई, मी रात्री पडले की सकाळीच उठते. मला अपराध्यासारखं वाटायचं, शिकायला म्हणून पालथी होते आणि बरी होऊन उठते.

लेक: रात्रभर झोपतेस? मग आईला कूस वळवून कोण देतं?

सून: आता लागत नाही. आई हाकच मारत नाहीत. आधी रात्रीतून तीनतीनदा उठायचे मी. मला वाटलं, माझा हात कच्चा असला तरी थोडाफार गुण येत असेल.

लेक: थांब. मला नीट लावू दे. मालिश आईसाठी, ती झाली तुला. तुझ्याकडून आईला व्हायची, ती आई करू देत नाही. आणि तरी आईला गुण आला.

सून: असं मांडलं की वेड्यासारखं वाटतं, पण तसंच आहे. एक टॉवेलचं तेवढं कळत नाही मला.

लेक: कुठला टॉवेल?

सून: हा, पलंगाच्या कठड्याला बांधलेला. आईंना धरून सरकायला म्हणून बांधलाय. रोज सकाळी दोरीसारखा पिळलेला असतो. मी सोडून सरळ करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.

आई: हाताला चाळा लागतो काहीतरी.

लेक: आई, मी चिडू की नको, तेच मला ठरवता येत नाहीये. मी तुझ्यासाठी पाठवलं होतं हे.

सून: ताई, मी भरून देईन. नाही म्हणजे, तुमचं जे काही झालं असेल ते. मला खरंच वाटलं नव्हतं की मी आईंच्या वाटणीचं...

आई: गप्प बस. पाठीत गेलेलं परत देता येत नाही. देणार काय, पुन्हा गाठ घालून घेणार?

लेक: आई, हसण्यावारी नेऊ नकोस. सोमवारी दादाने त्यांना कळवायचंय, आणि मी इकडे...

आई: कुणाला कळवायचंय?

लेक: कुणाला नाही.

आई: त्या वृद्धाश्रमाला. पुढे बाग आहे, डॉक्टर येऊन बघून जातो, एका खोलीत दोघी. दादा जाऊन बघून आला, भिंतींना नुकताच रंग दिलाय म्हणाला.

सून: आई, तुम्हाला हे...

आई: पाय गेलेत माझे. कान इथेच आहेत. स्वयंपाकघराची भिंत प्लायवूडची आहे, आणि तुम्हा नवराबायकोचं कुजबुजणं म्हणजे गोदामातला पुकारा.

लेक: वहिनी, तू म्हणाली होतीस दादाला, की आता होत नाही?

सून: म्हणाले होते. खोटं कशाला सांगू. आईंना खुर्चीवरून पलंगावर घेत होते आणि माझ्या कमरेत काहीतरी अडकलं. ना वर होता येईना, ना खाली. मी आईंना सोडलं नाही, तेवढं एक. दोघी हळूहळू घसरत फरशीवर येऊन बसलो. शेजारच्या बाई येईपर्यंत तिथेच. मी रडतेय आणि आई म्हणताहेत, बरं झालं, आता बसलीच आहेस तर पलंगाखालचं झाडून घे.

आई: अजून झाडलेलं नाहीस.

सून: त्याच रात्री मी यांना म्हणाले, माझ्याने उचलवत नाही. कंटाळा आला म्हणाले नव्हते, ताई. उचलवतच नव्हतं. उद्या पाडलं असतं मी त्यांना.

लेक: दादाने मला फोनवर एवढंच सांगितलं, की तिची पाठ गेलीय, सोय करावी लागेल. मला वाटलं, तिची म्हणजे आईची. मी रात्रभर तळमळले. माझ्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तीन मजले आहेत. आई थोडी जरी चालती झाली, जिना बसत बसत चढू शकली, तर मी तिला घेऊन जाईन आणि ती खोली कुणालाच लागणार नाही. म्हणून मी ही बाई शोधली. म्हणून आज दोन तिकिटं काढून आलेय. जाताना दोघी जाणार होतो.

आई: दोन तिकिटं?

लेक: त्या बाईच म्हणाल्या, आता प्रवासाला काही हरकत नाही, फक्त जड सामान नको.

सून: मलाही म्हणाल्या तसं. मी म्हटलं, मी कुठे जाणार?

आई: तीन मजले. मी.

लेक: मला काय माहीत. तू म्हणायचीस, दुखणं पळालं. दर रविवारी. "आता काही नाही गं, पिसासारखं वाटतंय."

आई: म्हणायचे.

लेक: खोटं.

आई: खोटं. त्याशिवाय तू चालू ठेवलं असतंस?

लेक: पण का, आई? त्या बाई तुझ्यासाठी येत होत्या. पालथं नाही, कुशीवर झोपवून केलं असतं. निदान तळवे, पोटऱ्या, खांदे. पडून पडून आखडलेलं अंग थोडं तरी मोकळं झालं असतं तुझं.

आई: माझा धंदा काय होता?

लेक: काट्यावर बसायचीस.

आई: नुसती बसायचे नाही. पोतं आलं की सगळे पोत्याकडे बघायचे. किती भरलं, कुठे उसवलं. मी उचलणाऱ्याकडे बघायचे. कोण कंबर धरून चालतोय, कुणाचा डावा खांदा पडलाय. त्याला मी हलकं पोतं द्यायचे. माझ्या पाळीत कुणाच्या पायावर माल पडला नाही. आता तू मला सांग. डॉक्टरांनी काय सांगितलं, हे हाड जसं आहे तसंच राहणार. म्हणजे मी पोतं. तू पोत्याला मालिश करायला बाई पाठवलीस. पोतं कितीही चोळा, ते आपल्या पायांनी चालत जायचं नाही. उचलणाऱ्याची कंबर सुटली, तर मात्र ते घरात राहतं.

लेक: स्वतःला पोतं म्हणू नकोस.

आई: का? चांगलं भरलेलं आहे. विचार हिला.

सून: खाणं मी कमी केलंय त्यांचं.

आई: यात चांगुलपणा शोधू नका, दोघीही. मी माझा फायदा बघितला. मला ती बाग नको आहे, आणि दुसरी कुणी बाई घोरणारी मिळाली तर काय करू? मला ही खिडकी हवीय. त्यासाठी हिची कंबर हवी. आणि गुण मला आलाच नाही असंही नाही. आधी ही मला उचलायची तेव्हा अर्ध्या वाटेत हिची पाठ अडायची, आणि तो हिसका थेट माझ्या खुब्यात उतरायचा. आता अशी उचलते, की चहाचा कप उचलावा. कप हिंदकळत नाही.

सून: आई, एक विचारू? म्हणजे माझा हात कच्चा नाही?

आई: तिच्यापेक्षा बरा आहे. तिचे हात गार असतील, इथूनच दिसतं.

सून: मग एकदा तरी म्हणायचं होतं. मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की बुटांच्या खोक्यांवर अंगठे फिरवत बसायचे. तळवा टेकवायचा, थांबायचं, मग अंगठा. खोकी चेपली म्हणून मालक ओरडले. मला वाटायचं, मी मठ्ठच आहे, एवढी साधी गोष्ट येत नाही.

आई: तुला आलंय म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी त्या बाईला नको म्हणाली असतीस. ओळखते मी तुला. स्वतःसाठी तू कधी पालथी पडली नसतीस.

लेक: आता सोमवारचं काय? दादाला काय सांगू मी?

सून: यांना मी सांगितलंय, ताई. मागच्याच आठवड्यात. ती खोली नको म्हणून. माझी पाठ आता चांगली आहे, जमेल तितके दिवस मी करीन म्हणाले. हे म्हणाले, ताईला एकदा विचारू आणि मग कळवू.

आई: मागच्या आठवड्यात? मला कसं नाही ऐकू आलं?

सून: जिन्यात सांगितलं. भिंत प्लायवूडची आहे ना.

आई: म्हणजे तुला माहीत होतं मी ऐकते?

सून: खोकल्याचा आवाज पलीकडे येतो, आई. आम्ही बोलायला लागलो की तुमचा खोकला थांबतो.

आई: आणि मला सांगायचं नाही? मग मागच्या आठवड्यापासून मी उगाचच...

लेक: उगाचच काय?

आई: काही नाही.

लेक: उगाचच काय, आई?

आई: बोलण्याच्या ओघात आलं. टॉवेल कुठे नेतेयस तो?

सून: नेत नाहीये. बघतेय. आई, तुम्ही रात्री हाक का नाही मारत?

आई: झोप लागते मला.

सून: झोपलेल्या माणसाने पिळला हा?

आई: बेल वाजली. जा, कुणीतरी उघडा.

लेक: मी उघडते. या, या. हो, मीच फोनवर बोलले होते. आज पेशंट दुसऱ्या आहेत. त्या, खिडकीशी. स्वतःहून काही सांगणार नाहीत त्या. हो, हात धुऊन घ्या, न्हाणीघर डावीकडे. आणि बाई, गरम पाण्याने धुवाल का? त्यांची तक्रार आहे.

आई: तिला म्हणावं, आधी हिची मान बघ. बसने आखडलीय हिची, तिरकी बघतेय केव्हापासून.

लेक: माझी मान माझ्या गावी जाऊन सरळ होईल.

आई: हाड तसंच राहणार आहे.

लेक: राहू दे. सगळी आई काही हाडाची नाही.

आई: पुढे चालू ठेवायचं का, त्याचं काय सांगितलंस तिला?

लेक: सांगते. दोघींसाठी. एकीला झाली की दुसरीला. आणि दुसरी कोण, ते मी ठरवणार.

आई: तिकिटांचं काय?

लेक: एक परत करते.

सून: आई, डावीकडची उशी काढू?

आई: काढ. नाही, थांब. ती बाई हात धुतेय तोवर ऐकून ठेवा, एकदा तिचे हात लागले की बोलू द्यायची नाही. जमाखर्च नीट लागला पाहिजे. पैसे तू भरलेस. वर मी चालेन ही आशाही भरलीस, ती जास्त महाग पडली तुला. हिने काय भरलं? येत नाही, येत नाही म्हणून माझी बोलणी खाल्ली आणि बुटांची खोकी चेपली. त्या बाईने अंगठे झिजवले. फुकटात सुटले ती मी एकटी. मी काय, नुसती पडून होते.

सून: जागी.